पाण्याचा पेला

दर मंगळवारी एक गृहस्थ देवासच्या आमच्या कारखान्यात यायचे, अधिकाऱ्यांना नेतृत्व शिकवायला. भाषण कधीच नाही. मी कुणाचं बोलणं तोडलं, की माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवायचे. "प्या भिया," ते माळवी ढंगात म्हणायचे, "तोवर ते बोलतील." एकदा म्हणाले, "तीन पेले झाले. आता माठच आणू का?"

पत्नी गेल्यापासून मला शांतता सोसत नव्हती.

एका मंगळवारी आमचा जुना फिटर राजीनामा घेऊन आला. मी तोंड उघडलं आणि पेला सरकला. मी सावकाश प्यायलो.

"नोकरी सोडायची कुणाला आहे, साहेब?" फिटर अखेर म्हणाला. "पण वहिनी गेल्यापासून तुम्ही माझं एक वाक्य पुरं ऐकलं नाही."

मी ऐकत राहिलो. जाताना त्यानं राजीनामा खिशात घातला.

ते गृहस्थ आता धारच्या एका कारखान्यात शिकवायला जातात. माझ्यापुढचा पेला मीच भरून ठेवतो.