उघड्या वाडग्यातलं पाणी

नांदेडात मी ज्या गल्लीत खोली करून राहते, तिथल्या पोरांना माहीत झालंय की ताई पत्रकं लिहिते, म्हणजे ताईला सगळं येतं. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की ती माझ्या दाराशी गोळा होतात. ताई, काहीतरी सोपं सांगा, घरी करता येईल असं. हातात शाळेतून मिळालेलं पुस्तक असतं. ज्वालामुखी, पवनचक्की, सलाईनच्या नळीचं कारंजं. ते पुस्तक मी ओळखते. किनवटकडे एका आश्रमशाळेत सभेला गेले होते, तिथल्या कपाटातही तेच होतं. माझ्या लहानपणी आमच्या गावात तेच होतं. मुखपृष्ठ तेवढं बदललंय.

त्या पुस्तकावर माझा जुना राग आहे. तो एकदा नीट लिहून काढायचाय, कारण पत्रकाच्या एका पानात तो मावत नाही.

माझं गाव चाकूरजवळ. मी चौथीत होते तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता. मोठ्या माणसांचे कागद अजून उस्मानाबादच्या कचेऱ्यांत अडकलेले, पण शाळेच्या भिंतीवर ‘जिल्हा लातूर’ असं ताज्या निळ्या रंगात लिहून झालं होतं. रंग वेळेवर आला, पाऊस आला नाही. दिवाळीनंतर विहिरी तळाला गेल्या आणि संक्रांतीपासून टँकर सुरू झाला. तो आधी गावातल्या आडात रिकामा व्हायचा. उरलंसुरलं आमच्या वस्तीच्या हौदात. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला होती आणि पाणीही कडेकडेनंच यायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, तरी टँकरवाल्याला पाठ होतं.

अशा साली नव्या जिल्ह्यानं पहिलं विज्ञान प्रदर्शन जाहीर केलं. आधी चाकूरला निवड, मग निवडलेली पोरं लातूरला. आमच्या गुरुजींनी ते पुस्तक वर्गात फिरवलं आणि ‘घरून करून आणा’ म्हणाले. गुरुजी माणूस वाईट नव्हते. त्यांना एवढंच हवं होतं, की आमच्या शाळेचं एक तरी लेकरू लातूरला जावं. मला तर तेवढंही नको होतं. मला फक्त लातूर बघायचं होतं. आमच्या वस्तीतून कुणी पोरगी शाळेच्या कामानं तिथं गेली नव्हती. गेल्या त्या दवाखान्यात, नाहीतर खडी फोडायला.

पुस्तकात लिहिलं होतं, घरातील टाकाऊ वस्तू वापरा. गेलेला बल्ब, जुने सेल, रिकामी शाईची बाटली. वस्तीत वीज नव्हती, तर गेलेला बल्ब कुठून आणायचा? आमच्या घरात टाकाऊ म्हणावं असं काहीच नव्हतं. फुटक्या घागरीत माय चूल मांडायची आणि चिंधीचीसुद्धा वात व्हायची. पुस्तक लिहिणारा माणूस कधी असल्या घरात शिरला नव्हता, हे मला चौथीत कळलं होतं. फक्त तेव्हा त्याला राग म्हणतात हे माहीत नव्हतं.

शेवटी एक सोपा प्रयोग सापडला. दोन सारखी भांडी घ्या, सारखं पाणी भरा. एकावर झाकण ठेवा, एक उघडं ठेवा. रोज पाहा. उघड्यातलं पाणी कमी होतं, झाकलेल्यातलं तेवढंच राहतं. याला बाष्पीभवन म्हणतात.

मायनं आधी नाही म्हटलं. दोन भांडी पाणी नुसतं बघायला ठेवायचं, हे तिला पटेना. ती दिवसभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि आली की हौदावर लायनीत उभी राहायची. मी हटून बसले. तेव्हा ती म्हणाली, तुझ्या हातपाय धुवायच्या पाण्यातून घे, घरच्या घागरीला हात लावायचा न्हाई. मी धुळीचे पाय घेऊन झोपले आणि सकाळी त्या वाचलेल्या पाण्यानं जर्मनची दोन वाडगी भरली. आतून खिळ्यानं पाण्याच्या रेघेवर ओरखडा काढला. एका वाडग्यावर ताटली, ताटलीवर दगड. दोन्ही आमच्या दारापुढच्या बुटक्या भिंतीवर ठेवली, ऊन लागावं म्हणून. तिथेच माझी चूक झाली, पण ती मला नंतर कळली. हौदावरून येणारी वाट त्याच भिंतीला लागून होती.

पहिल्या संध्याकाळी बघितलं, तर उघड्या वाडग्यात पाणी ओरखड्याच्या वर. दुसऱ्या दिवशी अजून वर. झाकलेल्यात होतं तेवढंच.

मला वाटलं, मला काहीतरी सापडलं. सगळी माणसं आभाळाकडं बघत होती आणि इकडं माझ्या वाडग्यात पाणी आपोआप वाढत होतं. हवेतून येत असणार. शाळेत धावत गेले, गुरुजींना सांगितलं. गुरुजी हसलेही नाहीत. पाणी असं वाढत नसतं, नीट बघ, म्हणाले. मी नीट बघितलं आणि ते वाढलेलंच होतं.

मग एके दिवशी शाळा बुडवून दाराआड बसले. टँकर येऊन गेला. बाया हौदावरून परतायला लागल्या. पुढे शेजारची काकू होती, जिचा पाणी आणतानाचा नेम असा की एक थेंब हिंदकळला तरी स्वतःलाच शिव्या द्यायची. भिंतीपाशी ती थांबली. डोक्यावरची घागर कमरेवर घेतली, थोडी कलती केली, वाडग्यात धार सोडली आणि चालू लागली. तिच्यामागची बाई थांबली. तिनंही सोडली. आमच्याकडे उन्हाळ्यात भिंतीवर उघडं भांडं दिसलं, की ते चिमण्यांचं असतं, आणि पाणी घेऊन जाणाऱ्यानं त्यात घोटभर टाकायचं असतं. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. मीही टाकत आले होते. माझ्याच वाडग्यावर ते लागू होईल, हे तेवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी दाराआडून बाहेर आले. म्हणाले, काकू, ते चिमण्यांचं न्हाई, माझं इज्ञान हाय.

काकूनं घागर परत डोक्यावर चढवली. “हाव. पर चिमण्यायला काय ठावं तुझं इज्ञान?”

मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. एकीनं विचारलं, मास्तरनं पाणी सुकवायला सांगितलंय व्हय गं, इथं आधीच काय कमी सुकलंय? तरी सगळ्यांनी कबूल केलं, की उद्यापासून टाकणार नाही. संध्याकाळी वाडगं पुन्हा वरपर्यंत. विचारलं तर जिनं तिनं दुसरीकडं बोट दाखवलं. भांडं खाली गेलेलं बघवत न्हाई, म्हणाल्या.

टाकणाऱ्यांत एक गावातली म्हातारी कुणब्याची बाईही होती. तिच्या शेताची वाट आमच्या वस्तीवरून जायची. तिच्या तांब्यातली धार ती हातभर वरून सोडायची. वाडग्याला तांब्या लागू नये म्हणून. आमच्या माणसांच्या ओंजळीतही ती तशीच वरून ओतायची. पण रोज थांबायची, रोज ओतायची. मी आता इतकी पत्रकं लिहिली, कुणाला काय म्हणायचं याचे शब्द माझ्याकडे तयार असतात. त्या धारेला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वरून होती हेही खरं, पाणी होतं हेही खरं.

प्रदर्शन शिमग्याच्या तोंडावर आलं. पुठ्ठ्यावर निष्कर्ष लिहायचा होता. गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं.

“पुस्तकात जसं आहे तसं लिही. पाणी वाढलं असं लिहिलंस, तर लातूर विसर.”

मी म्हणाले, पण ते वाढलंय. ते म्हणाले, बाया नसत्या तर कमी झालं असतं ना, मग तेच लिहायचं. त्यांचं म्हणणं तेव्हा मला खोडता आलं नाही. आजही पुरतं खोडता येत नाही. बाया नसत्या तर खरंच कमी झालं असतं. पण बाया होत्या. मी रात्री रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं: उघड्या भांड्यातले पाणी वाढले. कारण: माणसे.

चाकूरच्या शाळेत आमचे प्रयोग बाकांवर मांडले होते. माझ्या शेजारी एका व्यापाऱ्याच्या मुलाचं कारंजं होतं. वर सलाईनची बाटली, खाली नळी आणि मध्ये प्लास्टिकची फुलं. थुईथुई उडत होतं. चाकूरलाही टँकरच होता, पण ते पाणी कुठून आलं असं त्याला कुणी विचारलं नाही. पाणी बाकावरून ओघळून फरशीवर जात होतं आणि पोरं त्यात पाय भिजवत होती. माझी नजर सारखी तिकडंच.

परीक्षक दोघं होते. एक साहेब आणि एक बाई, नांदेडच्या अध्यापक विद्यालयातून आलेल्या. साहेबांनी माझा पुठ्ठा मोठ्यानं वाचला आणि हसले. आजूबाजूची पोरंही हसली. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कोण माणसं? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, भांडं दुसरीकडं का नाही ठेवलंस, जिथून कुणी जात-येत नाही?

मी म्हणाले, तशी जागा वस्तीत न्हाई, बाई.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. साहेब पुढे सरकत म्हणाले, प्रयोग फसला, पण अक्षर ठीक आहे. कारंजं लातूरला गेलं.

परतताना गुरुजी माझ्यावर चिडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाटेत फुटाण्याची पुडी घेतली आणि अर्धी मला दिली.

वस्तीत मात्र बाया वाट बघत होत्या. मी लातूरला जाणार म्हणून मायनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हणाले, न्हाई झालं. का म्हणून विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, पाण्यामुळं. काकूच पुढे झाली आणि हळू आवाजात म्हणाली.

“आमच्यामुळं गेलं व्हय गं तुझं लातूर?”

मला हो म्हणायचं होतं. मी मान खाली घातली, आणि तेवढं हो पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी वाडगी मी सवयीनं परत भिंतीवर ठेवली. टँकर आला. बाया हौदावरून परतल्या. काकू भिंतीपाशी आली, वाडग्याकडं बघितलं आणि सरळ पुढे गेली. मागची गेली. तिच्या मागचीही गेली. माझी मायसुद्धा तशीच घरात शिरली. शेताकडं जाणाऱ्या म्हातारीला कुणीतरी सांगितलं असावं, तिनंही तांब्या झाकून धरला. सगळ्यांनी माझ्यासाठी हात आवरला होता. त्यांची काही चूक नव्हती, तरी त्या भरपाई करत होत्या.

मग पाणी कमी व्हायला लागलं. ओरखड्याच्या खाली गेलं, अजून खाली गेलं. झाकलेलं होतं तेवढंच राहिलं. पुस्तकात लिहिलं होतं तसं, अगदी ओळीन् ओळ. गुरुजी मुद्दाम वस्तीत आले, वाकून दोन्ही वाडगी बघितली आणि खूश झाले. बघ, आलं की बरोबर उत्तर. पुढच्या वर्षी हेच परत मांडू, म्हणाले.

ते गेल्यावर मी भिंतीपाशी उभी राहिले. वाडग्याच्या तळाला घोटभर पाणी होतं, तापलेलं, पिसाचा एक तुकडा चिकटलेला. काठावर एक चिमणी येऊन बसली. आत वाकली, चोच पोचेना. उडून कौलावर गेली, परत आली, परत वाकली. पुस्तकात हे चित्र नव्हतं. त्यात दोन भांडी होती, सूर्य होता आणि वर जाणारे बाण होते.

घरात जाऊन मी मायच्या घागरीत तांब्या बुडवला. हात लावायचा नाही असं सांगितलेली घागर. माय चुलीपुढं बसली होती, तिनं बघितलं. मी बाहेर येऊन वाडगं भरलं, ओरखड्याच्या वर, काठापर्यंत. वळले तर ती दारात उभी. मला वाटलं आता मार बसणार.

तिनं वाडग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बुडालं का आता तुझं इज्ञान?”

मी म्हणाले, बुडू दे.

तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला. तळाला थोडं पाणी उरलं होतं. ते तिनं माझ्या धुळीच्या पायांवर ओतलं आणि चुलीकडं गेली. सकाळी काकू हौदावरून आली तेव्हा वाडगं भरलेलं दिसलं. ती थांबली. घागर कमरेवर घेतली, थोडी कलती केली.