चौथ्या गाण्यातला तारपा

अन्याय झाला तो आमच्या वरच्या पाड्यावर तारपा वाजवणाऱ्या बाबांवर. गेल्या वर्षी गौरी बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, त्यांच्याच ओट्यावर. मुंबईच्या रॉक बँडमधल्या तिघांना किन्हवलीहून तिथे घेऊन गेलो होतो मी.

बाबा तारप्याच्या भोपळ्याला नवं मेण लावत होते. वाजवून दाखवा, म्हणून पाहुण्यांनी गळ घातली.

"नाय रे पोरांनो. भात अजून पोटरीत हाय. नवा दाणा घरात आल्याबिगर आमी वाजवत नाय."

मग मेण नीट बसलं का बघायला त्यांनी दोनदा फुंकलं. पाहुण्यांचा रेकॉर्डर चालू होता. मला दिसला. मी गप्प राहिलो.

दिवाळी अंकांसारखी माझी वर्षातल्या आवडत्या अल्बमांची यादीही दिवाळीतच निघते. यंदा तिसरा नंबर एका मुलीचा: नुसती बेस गिटार आणि घसा बसल्यासारखा आवाज, मुरबाडच्या एसटीत खिडकीशी बसून ऐकावा असा. दुसरा चार पोरांचा. त्यांचा ड्रमर मुद्दाम जरा मागे रेंगाळतो. पहिला याच मुंबईच्या बँडचा. चौथं गाणं बाबांच्या त्या दोन सुरांवर उभं आहे. तेच सूर फिरून फिरून येतात आणि गिटार त्यांच्याभोवती हळूहळू चढत जाते. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण श्रेयनामावलीत काय लिहिलंय? 'जंगलातले आवाज'.

मी चिडून यादी पाड्याच्या ग्रुपवर टाकली: हे जंगल नाही, आमचे बाबा आहेत! झालं उलटंच. पाहुणे गेल्या वर्षी गौरीनंतर आले होते, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाबांना टोमणा बसला, "काय बाबा, भात पोटरीत नि तुमी गिटारीसंगं?" नव्या भाताच्या नाचाला पहिला तारपा दरवर्षी बाबांचा. यंदा नको, असं जाणत्यांनी ठरवलं.

मी बाबांना म्हटलं, "तुमचं नाव घालायला लावतो."

"नाव कशाला रे? मी वाजवलंच नाय. ते काढा म्हणावं. आन् आता भात आलाय घरात. या म्हणावं, बसून ऐका."

मी पाड्यावर उभं राहून सांगितलं: बाबांनी मेण तपासलं, वाजवलं नाही, चोरी मी पाहिली आणि बोललो नाही. जाणते म्हणाले, "बरं. पण त्ये गाणं वाजतंयच ना अजून?"

वाजतंय. बँडला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. म्हणून आता तुम्ही. माझी यादी वाचून ते चौथं गाणं फोनमध्ये घेतलं असेल, तर आजच पुसा. कुणाला पाठवू नका. आणि बँडला लिहा: गाणं उतरवा, आणि बाबांच्या ओट्यावर येऊन विचारा.