सेंटर हाफची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण मी स्वतःला जसा दाखवतो तसाच तुम्ही मला ओळखता — आणि ते आता सहन होत नाही.

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील युनियनचे. 'हक्क', 'अन्याय' हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. नोकरीसाठी सिंगापूरला आलो, तरी ती भाषा सुटली नाही. सुटायला हवी होती का? माहीत नाही.

आमची हॉकी टीम तिथल्या तोआ पायोह भागातली. रविवारची हौशी लीग. एका वर्षी कुणाचा पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, संपला, कुणाची बदली झाली, निम्मी टीम भारतात परतली आणि आम्ही तळाला गेलो. नव्याने उभं राहायचं — पण कसं? आमचा कॅप्टन विनायकदादा म्हणाला, शेजारच्या बिशान भागातल्या टीममधला नितीन आणू. नितीन खडकीचा, वन-नॉर्थला नोकरीला, मधल्या फळीतला उत्तम सेंटर हाफ. पण तिथे कायम राखीव. त्याचाही पास संपत आला होता. त्याआधी त्याचे वडील येणार होते, आणि ज्यांनी लहानपणी हातात स्टिक दिली त्या वडिलांसमोर त्याला एकदा खेळायचं होतं. हे मला माहीत होतं.

लीगचा नियम असा की दुसऱ्याचा खेळाडू हवा असेल तर 'याला अकरांत खेळवू' असं त्याच्या टीमला कळवायचं. जुन्या टीमने आठवड्याच्या आत 'आम्हीही खेळवू' म्हटलं, तर तो तिथेच राहतो. ती गप्प बसली, तर तुमचा. आणि ठेवून घेतल्यावर खरंच खेळवतात का — हे कोण बघतं?

हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्समधल्या टेबलांवर, मीटिंग झाली; तिथे मी कडाडून विरोध केला. दुसऱ्याने बांधून ठेवलेल्या माणसांमागे धावून टीम उभी राहत नाही, नवी पोरं घडवा, त्यासाठी हरावं लागलं तरी हरू.

"भाषण झालं? आता लाइम ज्यूस पी," विनायकदादा म्हणाला. सगळे हसले. मतं घेतली, तेव्हा विरोधात मी एकटाच होतो.

माझा मुद्दा चूक होता का? आजही वाटतं — नव्हता. पण आमचा सेंटर हाफ मी होतो. नितीन आला असता, तर मी बाकावर गेलो असतो.

विनायकदादाने बिशानला मेसेज पाठवला, पण तिथला कॅप्टन असले मेसेज उघडतही नसे. आठवडा तसाच गेला असता. मी ऑफिसमधून परतताना मुद्दाम बिशानला उतरलो. त्याला गाठलं. म्हटलं, तुमचा माणूस चाललाय, तुम्ही आपला हक्क सोडू नका. हक्क — हाच शब्द वापरला मी. त्याने माझ्यासमोरच फोन काढला आणि उत्तर पाठवलं. नितीन तिथेच राहिला. आणि पहिल्यासारखा बसून राहिला.

त्याला वाटलं, नशीब. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, "तू माझ्या विरोधात बोललास म्हणे. पण उघड बोललास, ते आवडलं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

आमची बिशानशी मॅच होती, त्या रविवारी त्याचे वडील आले. नितीन शिनगार्ड बांधून बाकावर. खेळाडू बदलायची वेळ आली की म्हातारा माणूस अर्धवट उठायचा — आणि पुन्हा बसायचा. मला मैदानातून दिसत होतं. दिसत होतं, आणि मी चेंडू अडवत होतो. चांगला अडवत होतो.

नंतर नितीनने ओळख करून दिली. काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"छान खेळलास, बाळा. आमच्या नितीनचा पाय दुखतोय म्हणे, म्हणून बसवला त्याला. नाहीतर त्यालाही बघितलं असतं."

नितीन टर्फकडे बघत होता. त्याच्या पायाला काहीही झालं नव्हतं.

"हो काका," मी म्हणालो, "पायाला जपायलाच हवं."