थोरल्याला मारलेली हाक

इथे लोक आपापले भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी आजवर चहाबरोबर वाचून हसत आलोय. चकवा, हडळ... सगळं थोतांड, असं माझं स्पष्ट मत होतं. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी माझ्याच अंगणात जे झालं, ते तुमच्यापैकी कुणाला उलगडत असेल तर सांगा.

आम्ही मुळशी तालुक्यातल्या माणचे. शेती आयटी पार्कमध्ये गेली, आता घरामागे खोल्या बांधून नोकरीवाल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. अंगणात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लावलेलं जांभळाचं झाड होतं. ते वादळात मोडलं आणि कंबरेएवढा बुंधा तेवढा उरला. भाडेकरूंच्या गाड्यांना पार्किंग पुरेना, म्हणून तो काढायचं ठरवलं.

आबांच्या हातात असतं तर हे काम दोन-तीन दिवस चाललं असतं. आधी सभोवार खणायचं, एकेक मुळी उघडी करून कुऱ्हाडीनं तोडायची आणि बुंधा हातानं हलायला लागला की मगच ओढायचा. "मुळ्या सोडवल्याबिगर खोडाला वडू न्हाई," असं ते म्हणायचे. साखळीवर ओली पोती टाकायला लावायचे, म्हणजे तुटलीच तर ती उसळत नाही. आणि ताण बसायच्या आधी प्रत्येकाला हाक मारून लांब करायचे.

आमच्यात असल्या कामाचा नारळ घरातल्या थोरल्यानं फोडायचा असतो. थोरला म्हणजे माझा दादा, बावधनला फ्लॅटमध्ये राहतो. आबांना झटका आला, वाचा गेली, तेव्हापासून ते जाईपर्यंत दोन वर्षं मी त्यांचं हगणं-मुतणं काढलं, पेज भरवली. दादा सणासुदीला यायचा, घटकाभर उशाशी बसायचा आणि जाताना माझ्या बायकोला पथ्यपाणी शिकवायचा. आबा माझ्याकडं बघायचे, ओठ हलायचे... शब्द काही आला नाही. एकदा "बारक्या" म्हणतील, एवढीच माझी आशा होती.

तर मानपान म्हणून दादाला बोलावलं. त्यानं नारळ फोडला आणि लगेच घड्याळ बघायला लागला. दुपारपर्यंत एकाच अंगाच्या मुळ्या तुटल्या होत्या. मी म्हटलं, उद्या ओढू. तो म्हणाला, "टॅक्टर दारात हाय नव्हं? मग वडा की आता. मला मीटिंग हाय." थोरल्याचा शब्द मोडायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. साखळी बांधली, पोती टाकायलाही कुणी थांबलं नाही. दादा बुंध्याशेजारी उभा राहिला, मी त्याच्या मागे. ट्रॅक्टरनं जोर घेतला, साखळी ताठ झाली — आणि हाक आली.

"थोरल्या, सर तितनं."

आबांचा आवाज. झटक्याच्या आधीचा, खणखणीत. दादा चटकन बाजूला झाला. त्याच क्षणी साखळी ट्रॅक्टरच्या बाजूनं तुटली आणि दादा उभा होता तिथून येऊन माझ्या गुडघ्यावर बसली. हाक मीही ऐकली होती. पण ती मला नव्हती ना... म्हणून मी हललो नाही.

पायात आता रॉड आहे, काठीशिवाय चालता येत नाही. भास झाला म्हणाल, तर ट्रॅक्टरवाला दवाखान्यात मला बघायला आला होता. तो बाहेरगावचा, आबांना त्यानं कधी पाहिलेलंही नाही. तो म्हणाला, "इंजनाच्या आवाजात तुमचं बोलणं मला ऐकू येत न्हवतं, पर ते म्हातारं वरडलेलं आलं. कोण व्हतं ते?" आमच्या घरात आता म्हातारं माणूस कुणी नाही.

"आबांनी मला वाचवलं," असं दादा सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरतो. त्यांचा मोठा फोटो करून त्यानं आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावलाय. इकडे बुंधा तसाच अर्धवट उकरलेला आहे, भाडेकरू त्यावर ओले बूट वाळत घालतात.

आवाज कुठून आला, कसा आला... खरं सांगू, त्याचं मला फारसं पडलेलं नाही. ज्या तोंडात दोन वर्षं मी घास घातला, त्यात एकच हाक शिल्लक राहिली होती — तीही थोरल्याच्याच वाटणीला गेली.