रिकाम्या ओळीतला मेंबर

माझ्या चाचणीत चूक असायला हवी होती आणि ती मला सापडत नव्हती, हे त्या आठवड्याचे सर्वांत प्रामाणिक वर्णन ठरेल.

इंदिरानगरच्या आमच्या कार्यालयात कंपायलरवर काम करणारा गट लहान होता आणि मला त्यात तात्पुरते घेतले होते. त्याआधी मी वेबसाइटवरचे अर्ज नीट भरले जातात का, हे तपासत असे. ते काम मला उत्तम येत होते आणि म्हणूनच नकोसे झाले होते. अट सरळ होती: दिलेली चाचणी, म्हणजे तपासणी करणारा छोटा प्रोग्राम, लिहायची. ती स्वीकारली गेली तर या गटात राहायचे, नाही तर पुन्हा अर्जांकडे.

काम असे होते. कंपायलर प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करताना सोबत एक माहिती मागे ठेवतो. कुठल्या स्ट्रक्चरमध्ये कोणते मेंबर आहेत, कोणता कुठे बसतो, याची ती माहिती. दिवस, महिना, वर्ष मिळून तारीख होते, तसे मेंबर मिळून स्ट्रक्चर होते. पुढे प्रोग्राम बिघडला की दोष शोधणारे याच माहितीवर विसंबतात. एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, हे मेंबर मागितल्यावर एकेक करून देते. ती ते सगळे आणि योग्य क्रमाने देते का, एवढेच मला तपासायचे होते.

अवघड जागा एकच होती. या भाषेत स्ट्रक्चरच्या आत दुसरे स्ट्रक्चर नाव न देताही ठेवता येते. मग त्याच्या आतले मेंबर बाहेरच्याचेच असल्यासारखे थेट हाकेला येतात. मी तसे एक स्ट्रक्चर रचले: नाव असलेले दोन मेंबर आणि त्यांच्यामध्ये एक निनावी स्ट्रक्चर, ज्याच्या पोटात आणखी दोन. माझ्या मते चार नावे छापली जायला हवी होती. चार आली, पण मध्ये एक रिकामी ओळ होती. मला ती छपाईतला गबाळेपणा वाटली. रिकाम्या ओळी गाळणारी एक पायरी मी चाचणीत घातली. चाचणी पास झाली.

गटाच्या प्रमुख मॅडमनी ती चालवून पाहिली आणि मला बोलावले. लायब्ररीतला निनावी मेंबर देणारा भाग त्यांनी मुद्दाम काढून टाकला होता.

"तरी तुझी चाचणी पास होतेय," त्या म्हणाल्या. "मग ती तपासते काय?"

ती ओळ रिकामी नव्हती, हे तेव्हा लक्षात आले. लायब्ररी निनावी स्ट्रक्चरलाही एक मेंबर म्हणून देत होती. त्याला नाव नसल्याने छापायला काही नव्हते, इतकेच. त्यानंतर ती त्याच्या पोटातले दोघे वेगळे देत होती. इथून माझा गोंधळ सुरू झाला. सगळ्यांचे आकार मिळवले तर बेरीज मूळ स्ट्रक्चरपेक्षा मोठी येत होती, कारण आतले दोघे दोनदा मोजले जात होते. निनावीला वगळले तर आतले दोघे एका वेगळ्या स्ट्रक्चरचे आहेत, ही माहितीच हरवत होती. माहितीपुस्तिकेत 'सर्व मेंबर मिळतात' एवढेच वाक्य होते. सर्व म्हणजे कोण, हे मी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, ठरव आणि कारण लिही.

मी काहीच ठरवू शकले नाही. त्यातच शनिवारी मामाने मला निफाडकडच्या त्याच्या गावी नेले. मामेबहिणीचे लग्न होते, मामीचा गुडघा सुजला होता आणि आवतण देताना कुंकू लावायला घरातली बाई हवी होती. द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हाही मी मनात मेंबरच मोजत होते.

आवतण दोन तऱ्हेचे असते, हे मामाने वाटेत सांगितले. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकाने जेवायला यायचे. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचे. एका शेतकऱ्याच्या दारात मामा म्हणाला, "दादा, चूलबंद हाय बरं का." मी त्याच्या बायकोला कुंकू लावले आणि आम्ही निघालो. घराच्या मागच्या खोलीसमोर त्या शेतकऱ्याची बहीण कांद्याचे रोप निवडत बसली होती. सासर सोडून ती कित्येक वर्षांपूर्वी परत आली होती आणि तिथे वेगळी रांधत होती.

"माझी चूल निराळी हाय, भाऊ," वर न पाहता ती म्हणाली. "ती पेटवायची का नाय?"

मामा हसला. "आक्का, घराला सांगितलं म्हणजे तुला आलंच की."

"आलं ते कानावर आलं. सांगितलं का, ते इचारते."

मामाने मला खूण केली. मी मागे जाऊन तिला कुंकू लावले, वेगळे आवतण दिले. तोवर भावजय पुढच्या दारात येऊन उभी होती. एकाच घरात दोन आवतणे झाली, म्हणजे आम्ही घरचे हिला मागे ठेवूनच जेवायला आलो असतो, असंच ना, असे तिने मामाला सुनावले. मामा गाडीत येऊन बसला. मग म्हणाला, मागच्या लग्नात आक्काला निराळे सांगितले, तर हीच रुसली होती, मला घरातून वेगळी काढली म्हणून. मग नियम काय, असे मी विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते. मामीला विचार, म्हणाला. मामीलाही ठाऊक नव्हते.

यातून मला उत्तर मिळाले, असे मी म्हणणार नाही. मेंबर रुसत नाहीत आणि साम्यांवरून निष्कर्ष काढणे मला शिकवलेले नाही. सोमवारी मी एवढेच केले: ओळी गाळणारी पायरी काढली, कोऱ्या जागी 'निनावी' हा शब्द छापायला लावला आणि टिपणात लिहिले, 'ही चाचणी लायब्ररीचे आजचे वागणे पकडते. ते बरोबर आहे की नाही, मला कळलेले नाही.' खाली दोन्ही बाजूंची कारणे मांडली.

मॅडमनी ते दोनदा वाचले. "निवड व्हायची आहे तुझी. हे वाक्य ठेवायचंय?"

"काढलं तर मॅडम, पुन्हा तेच होईल. रिकामी ओळ गाळल्यासारखं."

त्यांनी टिपण स्वतःकडे ठेवून घेतले.

लग्नाच्या दिवशी पंगत बसलेली असताना मॅडमचा निरोप फोनवर आला. चाचणी स्वीकारली होती, टिपणासकट. लायब्ररी लिहिणाऱ्यांना त्यांनी माझा प्रश्न पाठवला होता आणि त्यांच्यातच दोन मते पडली होती. शेवटी लिहिले होते, 'आता हा प्रश्न तुझ्याकडेच राहील. तूही राहा.'

मला आनंद झाला होता. पण मला नेमके काय कळले म्हणून ठेवून घेतले, हे समजत नव्हते. हातात जिलबीचे ताट होते आणि समोर आक्का भावजयीच्या शेजारीच जेवत होती. ती कोणत्या आवतणाने आली, हे मला जाणून घ्यायचे होते. थेट विचारण्याचे धाडस झाले नाही, म्हणून मी वाढताना म्हटले, "आक्का, आज चूल बंद ना?"

"चहापुरती पेटवली," ती म्हणाली आणि जिलबी अजून एक दे, अशी खूण केली.

भावजय हसली. हे उत्तर घराच्या आवतणाकडे धरायचे की निराळ्या, ते मला ठरवता आले नाही. मी जिलबी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले.