हाताखालचा ठोका

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. एक उंच, अरुंद टेबल, त्यावर पसरलेला पांढऱ्या कागदाचा पट्टा, दोन उशा आणि कोपऱ्यात टोपी घातलेला प्लास्टिकचा सांगाडा. या सांगाड्याला सगळे ‘पाव्हणे’ म्हणतात, कारण तो चार दिवसांसाठी म्हणून आला आणि मग हललाच नाही. खिडकीतून रस्त्यापलीकडचा पत्र्याचा कारखाना दिसतो. तिथल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा दणका जमिनीखालून येतो, टेबलाच्या पायांतून वर चढतो आणि कागद किंचित शहारतो. दुपारची वेळ आहे, ऊन आहे, तरी खोली अशी दिसते की आत कोणी तरी श्वास रोखून उभं असावं.

आता मास्तर येतात. शाळेचे नव्हेत, पाठींचे. पाटीवर ‘ऑस्टिओपॅथ’ असं लिहिलेलं होतं, पण तो शब्द उच्चारताना लोकांची जीभ लचकायची, आणि जिभेवर त्यांच्याकडे इलाज नव्हता. गोळी नाही, सुई नाही. दोन हातांनी दुखणं शोधायचं आणि हातांनीच ते सोडवायचं, हा धंदा. गावातल्या निम्म्या पाठी त्यांना पाठ होत्या, चेहरे मात्र अजिबात लक्षात राहत नसत. बाजारात कोणी नमस्कार केला की गोंधळून बघायचे, मग खांद्यावर हात ठेवायचे आणि एकदम खुलायचे. “हां, तुम्ही डाव्या कुशीवर झोपणारे!” एका बाईला त्यांनी हे तिच्या नवऱ्यादेखत सांगितलं होतं. नवरा बराच वेळ विचारात पडला होता.

त्यांची विद्या पुढे चालवली ती सुनेनं. मुलगा जहाजावर, त्याला पाण्याचं वेड. सून घरात आली तेव्हा तिला या कशाचा गंध नव्हता. मास्तरांनी टेबलावर एक केस ठेवला, त्यावर कागद टाकला, आणि डोळे मिटून केस शोधायला लावला. सापडला की आणखी एक कागद. सापडेना की ती दाबायची, आणि मास्तर म्हणायचे, दार बडवणाऱ्याला आतलं बोलणं ऐकू येत नाही. दुसरा धडा त्याहून अवघड होता. काही वाईट हाताला लागलं तरी हात थबकू द्यायचा नाही. भिंतींना कान असतील-नसतील, पाठीला असतातच. हात अडखळला की टेबलावरचा माणूस घाबरतो, आणि घाबरलेलं अंग मग काहीच खरं सांगत नाही.

अलीकडे मास्तरांचीच कंबर दुखत होती. आधी त्यांनी खुर्चीला दोष दिला आणि खुर्ची बदलली. मग गादीला दिला. ते पेशंटशी बोलता बोलता कंबरेवर हात ठेवून उभे राहत, आणि बोलणं मधेच थांबे. सूनबाई रोज म्हणे, बाबा, बघू द्या ना. ते टाळत. सोनारानेच कान टोचावे हे खरं, पण सोनाराचे कान कोण टोचणार, म्हणत आणि पाव्हण्यांची टोपी सारखी करत बसत.

त्या दुपारी जेवणानंतरच्या पेशंटनं येत नाही म्हणून कळवलं. सूनबाई हात धुऊन वळली, तर मास्तर सदरा काढून टेबलावर पालथे पडले होते. तिला आधी हसू आलं. मग ते आपणहून झोपले आहेत हे लक्षात आलं, आणि हसू विरलं.

तिनं शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. तळहात उलटा करून पाठीवरून फिरवला, कुठं जास्त ऊब आहे का म्हणून. मग बोटं टेकवली. आधी कातडी, मग तिच्याखालचा मऊ थर, मग स्नायू. दुखऱ्या जागेभोवती स्नायू पहारा देतात, दोरासारखे ताठ उभे राहतात, जवळ गेलं की आणखी आवळतात. इथं पहारा नव्हता. म्हाताऱ्या माणसाची मऊ, समजूतदार पाठ होती. तिनं गुडघा वाकवला, कंबर वळवली, दुखतं का विचारलं. ते म्हणाले, “तेवढंच.” कूस बदलली. तेवढंच. कसंही वळवा, दुखणं ना वाढे ना कमी होई.

सूनबाईला हे आवडलं नाही. हालचालीबरोबर बदलतं ते दुखणं आपलं, आणि जे कशानंही हलत नाही ते दुसरीकडून आलेलं, असं त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तिनं त्यांना उताणं केलं आणि पोटावर हात ठेवला, अगदी कागदावर ठेवावा तसा. बेंबीच्या जरा वर, किंचित डावीकडे, खालून ठोका आला. प्रेस, ती मनाशी म्हणाली. पुन्हा ठोका आला. प्रेसच. तेवढ्यात समोर चहाची घंटा झाली. प्रेस थांबला, कामगार हसत रस्त्यावर आले, कागद निश्चल झाला.

ठोका थांबला नाही.

तिनं दोन्ही हात त्या जागेच्या दोन बाजूंना टेकवले. बारीक माणसाच्या पोटात मोठ्या धमनीचा ठोका हाताला लागतो, त्यात भिण्यासारखं काही नसतं. तो हातांना वर उचलतो. हा उचलत नव्हता. दर वेळी तिचे हात एकमेकांपासून लांब सारत होता, गर्दीत कोणी कोपरांनी जागा करावी तसा. आत धमनी फुगली होती, आणि तिची भिंत आता किती पातळ झाली असेल हे कोणालाच सांगता आलं नसतं. सूनबाईनं कणभरही जोर दिला नाही. हात थबकू दिला नाही. तो सावकाश बरगड्यांकडे गेला, खांद्याकडे गेला, जणू वाटेत काही भेटलंच नाही.

मास्तरांनी डोळे उघडले.

“छान फिरवलास हात,” ते म्हणाले. “इतका गुळगुळीत हात खोटं बोलतानाच फिरतो, बाळ.”

पुन्हा खुर्चीवर दोष ढकलणं सोपं होतं. ती म्हणाली, “बाबा, पोटातली मोठी धमनी फुगलीय. आत्ता निघायचं. उठायचं नाही.”

“माझ्या हाताला आधीच लागली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“स्वतःचाच हात. म्हटलं, म्हातारा झालाय, चुकत असेल.” ते छताकडे बघत राहिले. “तुझा चुकला असता तर बरं झालं असतं.”

तिनं फोन केला. इस्पितळातल्या माणसाला तिनं कुठं, कसं, किती हे एका दमात सांगितलं, तेव्हा तिचा आवाज कापला नाही. पत्ता सांगताना कापला. मास्तरांना सदरा हवा होता, कंगवा हवा होता, हात धरून चालत जायचं होतं. ती नाही म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिचं मुकाट्यानं ऐकलं. बाहेर बेकरीवाल्या बाई आखडलेली मान घेऊन बसल्या होत्या. स्ट्रेचर जवळून जाताना त्यांनी मान अख्खी वळवून पाहिलं. मास्तर म्हणाले, चला, तुमचं काम झालं. कोणी हसलं नाही.

इस्पितळाची गाडी सुरू झाली तेव्हा प्रेसही पुन्हा सुरू झाला होता. पहिल्या वळणापर्यंत तो ऐकू आला. मास्तरांच्या ओठांचा रंग उतरत होता, कपाळ घामानं गार पडलं होतं. सूनबाईची बोटं त्यांच्या मनगटावर गेली, तिथून गळ्याकडे, तिथून पोटाकडे, पुन्हा मनगटावर. तिला थांबता येईना. एवढी वर्षं ती हेच तर शिकली होती. मास्तरांनी तिचा हात धरला आणि आपल्या छातीवर नुसता ठेवला.

इस्पितळाच्या दारात त्यांना आत नेलं आणि तिला बाहेर थांबवलं. शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत उशीर झाला होता. शुद्धीवर ते पुन्हा आले नाहीत. त्यामुळे त्यांचं शेवटचं बोलणं ते गाडीतलंच, तिच्या हातावर आपला हात ठेवून म्हटलेलं.

“राहू दे इथंच. शोधू नकोस काही.”