उस्तादांची बोटं

"हल्लू मॅडम, हल्लू! ब्लोअर आहे हा, पाटा-वरवंटा नाही तुमच्या पुण्याचा."

वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी माझ्यावर, नव्या इंजिनिअरवर, उधळलेली ही फुलं. उधळणारे आमचे फिटर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. इथल्या गौलीगुडा वस्तीतलं जुनं मराठी घर त्यांचं. वाक्य मराठीत निघायचं आणि दखनी उर्दूत पोचायचं. माझे पुणेरी कान किटायचे.

तुम्ही ब्लोअर पाहिला नसेल तर काही बिघडलं नाही. हवा ढकलणारं यंत्र. पोटात दोन रोटर फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. नवराबायकोचं भांडण झाल्यावर दोघं स्वयंपाकघरात वावरतात ना, तसे. मधली केसाएवढी फट बाहेरचे दोन गिअर राखतात. गिअरच्या दातांत ढिलाई वाढली की रोटर घासलेच समजा. ही ढिलाई उस्ताद नुसता गिअर हलवून सांगायचे. मी घड्याळासारखी डायल लावून मोजायचे, तर मेला तोच आकडा यायचा!

"घड्याळ तुमालाच लागतं," असं म्हणून ते खुशाल पाय पसरून चहा मागवायचे.

त्या दिवशी एका सोसायटीच्या सांडपाणी प्लांटचा ब्लोअर त्यांनी बसवला. हाताने फिरवला तेव्हा झकास फिरला. मोटर लावून चालवला, तापला, आणि असा किंचाळला की पलीकडच्या शेडमधले लोक धावत आले. वर्कशॉपचे मालक थेट माझ्यावर घसरले. "मॅडम, तुम्ही हात लावला होता ना?"

मी लावला नव्हता. पण उस्ताद गप्प राहिले असते तर माझ्या नावावर सहज खपलं असतं.

"त्यांना कायको बोलता? मी बसवला," उस्ताद म्हणाले.

खोलून पाहिलं. रोटरच्या एका बाजूला फट जास्त, म्हणून दुसऱ्या बाजूला कमी; तापून फुगल्यावर तिथेच घासले. फट मोजायचा फिलर, म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, मी त्यांच्या हातून घेतला. त्यांनी वापरलेली पट्टी चिमटीत धरली आणि लगेच कळलं. तेलाने दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, फट तेवढीच जास्त बसली होती. नवशिक्याची चूक! माझ्या पहिल्या आठवड्यात हिच्यावरूनच त्यांनी मला सगळ्यांसमोर सोलून काढलं होतं.

"दोन होत्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन."

ते अंगठ्याने बोटांची टोकं चोळत राहिले. "शुगर आहे. दिवाळीपासून बोटाला कळतच नाही काही."

हळहळ दाखवली असती तर त्यांनी मला हाकललंच असतं. "मग माझी बोटं घ्या," मी म्हणाले, "तुम्ही नुसत्या शिव्या द्या."

ती कामगिरी त्यांनी मनापासून पार पाडली. गिअरचे बोल्ट सैल करून, रोटर किंचित सरकवून दोन्ही बाजूंची फट सारखी केली. हात माझे, तोंड त्यांचं. ब्लोअर तासभर मुकाट चालला. मला वाटलं, चला, जमलं आपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जाऊन मालकांना सांगितलं. "माझ्या बोटाला कळत नाही ते मशीन मी बाहेर पाठवणार नाही." मालकांनी थांबा म्हटलं, मीही विनवलं. नक्को म्हणाले ते. काम सोडून गेले. मला त्यांचा इतका राग आला की जेवणाच्या सुट्टीत मी रडले.

महिन्याने त्यांच्या घरी गेले. गप्पा झाल्या, चहा झाला, उस्तादांनी माझ्या नव्या कामांची यथेच्छ टर उडवली. निघाले तर ऑटोपर्यंत सोडायला आलेच. पाच-सहा घरं ओलांडल्यावर माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. भर दुपारचा रस्ता नुसता भाजत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. तोंडाचा पट्टा चालूच.

"उस्ताद, पाणी प्यायचं राहिलं हो माझं," असं म्हणून मी त्यांना मागे वळवलं.

चप्पल उंबऱ्याशीच पडली होती. मी वाकून ती त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी आधी चपलेकडे पाहिलं, मग पायाकडे, मग माझ्याकडे.

"पाणी खरंच पायजे काय?"

"पाहिजे," मी म्हणाले, आणि तांब्याभर प्यायले.